काचबिंदू: आधी प्रश्नांची यादी, की थेंब घालून दाखवणं?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये काचबिंदूचं प्रमाण गोऱ्यांच्या चार-पाच पट असल्याचं बाल्टिमोरच्या पाहणीतून १९९१ मध्ये पुढे आलं. तपासणीत मात्र बहुतेक वेळ डॉक्टरच बोलतात, रुग्ण गप्प राहतो. त्यावर दोन उपाय आहेत.

पहिला, छापील यादी. रुग्णाने बाहेर वाट पाहतानाच हव्या त्या प्रश्नांवर खुणा करायच्या: माझ्या डोळ्याचा दाब किती, किती असायला हवा? दमा आहे, टिमोलॉल (दाब कमी करणारे थेंब) चालेल का? थेंबांऐवजी लेझर जमेल का? महिन्याचा खर्च किती? हा उपाय स्वस्त, पण कागद काउंटरवर जमा झाला की संपलं. तो रुग्णाच्याच हातात राहावा आणि डॉक्टरांनी ‘यातलं आधी काय घेऊ?’ असं विचारावं.

दुसरा, रुग्णाला समोर थेंब घालायला लावणं. यात पाच-सात मिनिटं जातात, पण चुका डोळ्यांसमोर दिसतात: बाटलीचं टोक डोळ्याला लागतं, थेंब गालावर ओघळतो. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबायचा. दुसऱ्या औषधाआधी पाच मिनिटं थांबायचं. दाब उतरत नसेल तर औषध वाढवण्याआधी हेच करावं.

पण डॉक्टरांबद्दलचा अविश्वास यातून उलगडत नाही. टस्कीगीचा प्रयोग (१९३२-७२), ज्यात कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस मुद्दाम उपचाराविना ठेवला गेला, अनेक कृष्णवर्णीय घरांत अजून विसरलेला नाही. तिथे प्रश्न विचारायची मुभाच आधी हवी. म्हणून पहिल्या भेटीला यादी, थेंब सुरू झाल्यावर प्रात्यक्षिक.