तख्त-ए-सुलेमान की एदिर्ने? टाइल्सवरचा चिनी प्रभाव अभ्यासण्यासाठी दोन पर्याय

मध्ययुगीन इस्लामी टाइल्सवर परक्या संस्कृतींचा ठसा कसा उमटला, हे एखाद्या ठिकाणाच्या आधारे समजून घ्यायचे असेल, तर दोन पर्याय विशेष विचारात घेण्यासारखे आहेत. एक म्हणजे वायव्य इराणमधील तख्त-ए-सुलेमान येथे मंगोल इलखान (इराणवर राज्य करणारा मंगोल शासक) अबाका याने १२७० च्या दशकात उभारलेला राजवाडा, आणि दुसरा म्हणजे १५ व्या शतकाच्या पूर्वार्धात आजच्या तुर्कस्तानातील बुर्सा व एदिर्ने येथे बांधलेल्या ऑटोमन मशिदी.

तख्त-ए-सुलेमानच्या टाइल्सचे तंत्र इराणीच आहे. झिलई देऊन भाजलेल्या टाइलवर चांदी-तांब्याच्या क्षारांनी चित्र काढायचे आणि कमी हवेच्या भट्टीत ती पुन्हा भाजून धातूसारखी चमक आणायची, ही विद्या ९ व्या शतकात अब्बासी इराकमध्ये रुजली होती आणि पुढे इराणमधील काशान शहराच्या कारागिरांनी ती टाइल्ससाठी परिपूर्ण केली. चित्रे मात्र चीनकडून आली: ढगांतून वळसे घेणारा ड्रॅगन आणि लांब पिसाऱ्याचा फिनिक्स. इराणी कथांमध्ये ड्रॅगन हा वीराने मारण्याचा शत्रू असतो. येथे मात्र तो राजचिन्ह होऊन भिंतीवर चढला. शिवाय हा वाडा इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजवटीतील अग्निमंदिराच्या जागी उभा राहिला आणि त्याच्या काही टाइल्सवर शाहनामा या इराणी राजांच्या महाकाव्यातील ओळी आढळतात. म्हणजे एकाच भिंतीवर मंगोल राजाने चीन आणि प्राचीन इराण या दोहोंचा वारसा मागितला होता. माझ्या मते प्रभावामागचे राजकारण इतके उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

बुर्सा-एदिर्नेची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे प्रभाव राजाज्ञेपेक्षा कारागिरांच्या आणि भांड्यांच्या प्रवासातून आला. बुर्साच्या हिरव्या मशिदीतील लेखात हे काम इराणमधील तब्रीझच्या उस्तादांचे असल्याचे नोंदले आहे, तर सजावटीची देखरेख करणारा नक्काश अली याला तैमूरने समरकंदला नेले होते. एदिर्नेच्या मुरादिये मशिदीतील निळ्या-पांढऱ्या षटकोनी टाइल्सवरची फुलेपाने चिनी पोर्सेलीनची आठवण करून देतात. त्या पोर्सेलीनचा निळा रंग ज्या कोबाल्टमुळे आला, तो युआन काळात (चीनमधील मंगोल राजवटीत) बहुधा इराणमधूनच चीनला जात असे. देवाणघेवाण एकतर्फी नव्हती, हे दाखवायला याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे.

निवड करताना एक व्यावहारिक बाब निर्णायक ठरते. तख्त-ए-सुलेमानच्या टाइल्स जागेवर फारशा उरलेल्या नाहीत. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन अशा संग्रहालयांत त्या विखुरल्या आहेत. त्यामुळे घरबसल्या छायाचित्रांवरून अभ्यास करणाऱ्याने तोच पर्याय घ्यावा. प्रत्यक्ष प्रवास करणार असाल, तर मुरादिये निवडावी. टाइल भिंतीवर, खिडकीच्या उजेडात पाहिल्याशिवाय तिची मांडणी कळत नाही.

तुर्कस्तान गाठणे शक्य नसल्यास मराठवाड्याला लागून असलेल्या बिदरमध्ये बहमनी सुलतानांचा वजीर महमूद गवान याचा १४७२ चा मदरसा आहे. गवान स्वतः इराणच्या गिलानचा होता आणि मदरशाच्या दर्शनी भागावर रंगीत टाइलकामाचे अवशेष अजून टिकून आहेत. चिनी ड्रॅगन तेथे भेटणार नाही. पण इराणी शैली दख्खनच्या दगडावर कशी बसवली गेली, एवढे पाहण्यासाठी ते ठिकाण पुरेसे आहे.