कोल्हापुरात ५२ हजार की पुण्यात १ लाख ३ हजार?

भाचा आला तो बसायच्या आधीच म्हणाला, "मामा, यात बघण्यासारखं काय आहे? सरळ दुप्पट पगार आहे." मोबाईलवर दोन ऑफर लेटर उघडी होती. एक गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतलं, सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ७ लाख २० हजार. दुसरं पुण्यातलं, खराडीत ऑफिस, सीटीसी १५ लाख. टेबलावर कुठल्यातरी लग्नाची पत्रिका पडली होती. तिच्या कोऱ्या बाजूला मी मधोमध रेघ मारली, डावीकडे कोल्हापूर लिहिलं, उजवीकडे पुणं.

तुमच्याही घरात सध्या हीच चर्चा चालू असेल, तर आमची ती पत्रिका इथं उतरवून देतो. आकडे आमच्या घरचे आहेत. तुमचे वेगळे येतील, पण रकाने हेच ठेवा.

आधी सीटीसी बाजूला ठेवा. कंपनीनं भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी हे सगळं त्यात धरलेलं असतं आणि ते दर महिन्याला हातात पडत नाही. कोल्हापूरच्या ऑफरमध्ये दोन्ही बाजूंचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि वर्षाचा अडीच हजार व्यवसाय कर वजा केला, तर महिन्याला हातात साधारण ५२ हजार. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून नोकरदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत प्राप्तिकर लागत नाही, म्हणून इथं कर शून्य. पुण्याची ऑफर ती रेघ ओलांडते, त्यामुळं तिथं वर्षाला ८० हजारांच्या आसपास कर बसतो. हातात १ लाख ३ हजार.

कोल्हापूरच्या रकान्यात पाच माणसं आहेत : आक्का, दाजी, भाचा, सूनबाई आणि चार वर्षांचा पोरगा, मंगळवार पेठेतल्या स्वतःच्या घरात. पुण्याच्या रकान्यात तिघंच, भाड्याच्या दोन बेडरूममध्ये. घर पिंपळे सौदागरला बघितलंय, कारण सूनबाईंची बहीण तिथं राहते.

| महिन्याचा खर्च (रुपये) | कोल्हापूर | पुणे |
|---|---|---|
| घरभाडं, मेंटेनन्स | ० | ३०,००० |
| घरफाळा, पाणीपट्टी, डागडुजी | २,५०० | ० |
| किराणा, दूध, भाजी, गॅस | १४,००० | १३,००० |
| शाळा आणि शाळेची गाडी | ५,००० | १४,००० |
| पेट्रोल, येणं-जाणं | ३,००० | ९,००० |
| वीज, फोन, इंटरनेट | ३,००० | ३,५०० |
| औषधं, मेडिक्लेम | ५,००० | ४,००० |
| कामाच्या मावशी | १,५०० | ४,५०० |
| आहेर, वर्गणी, पै-पाहुणे | ४,५०० | २,००० |
| कपडे, हॉटेल, बाकीचं | ५,००० | ९,००० |
| घरी पाठवायचे | ० | ८,००० |
| एकूण | ४३,५०० | ९७,००० |
| शिल्लक | ८,५०० | ६,००० |

शेवटची ओळ लिहिली आणि भाचा गप्प झाला. मी मात्र जरा लवकर खूश झालो. कारण त्यानंच लगेच बोट ठेवलं, "पीएफ धरला का?" नव्हता धरला. कोल्हापुरात त्याचे तीन आणि कंपनीचे तीन असे सहा हजार महिन्याला पीएफमध्ये जातात, पुण्यात बारा. ते मिळवले की कोल्हापूर साडेचौदा हजार, पुणं अठरा हजार. म्हणजे दुप्पट पगाराचा फायदा महिन्याला साडेतीन हजार, आणि तोही निवृत्तीच्या खात्यात. दुप्पट कुठं आणि साडेतीन हजार कुठं!

आहेराच्या ओळीकडं बघून पुण्यातली माणसं हसतील. पण कोल्हापुरात राहायचं म्हणजे गल्लीच्या तालमीची वर्गणी, भावकीतली लग्नं, बारशी, जोतिबाची यात्रा आणि रविवारी अचानक दारात उभे राहिलेले चार पाहुणे हे सगळं आलं. पाहुणा आला की मटण आलं, तांबडा-पांढरा आला. साडेचार हजार मी हात आखडून लिहिलेत.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. डाव्या रकान्यातला पहिला शून्य. तो दाजींच्या वडिलांनी बांधलेल्या घराचा आहे. तो काढून कळंब्याकडं किंवा फुलेवाडीत १२ हजारांचं भाडं लिहा, घरफाळ्याचे अडीच हजार वजा करा, की शिल्लक ८,५०० वरून उणे हजारावर येते. म्हणजे त्याच ५२ हजारांत एकाचं घर आरामात चालतं आणि दुसऱ्याला महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उसने मागावे लागतात. कोल्हापुरात सुखानं राहायला किती लागतात असं कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, घर कुणाचं? स्वतःचं असेल तर चार-पाच माणसांना ५० हजारांत ओढाताण होत नाही. भाड्याचं असेल तर ६५ हजार तरी हवेत. पुण्यात भाड्यानं, एका पोरासह, लाखाच्या खाली जीव टांगणीलाच.

घर घ्यायचंच असेल तर आणखी एक हिशोब. कोल्हापुरातल्या घरासाठी साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी ४० लाखांचं कर्ज काढलं तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. पुण्यातल्या घरासाठी ८० लाखांचं काढलं तर ६९,४००. पुण्यातला हप्ता १ लाख ३ हजारांतून कसा जाणार, हे मला तरी पत्रिकेवर मांडता आलं नाही. आणि स्वतःच्या घराचं एवढं कौतुक करताना हेही सांगतो : घर पंचगंगेच्या पुराच्या रेषेत असेल तर तो शून्य शून्य राहत नाही. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी माळ्यावर सामान चढवत काढला, त्यांना हे सांगायला नको.

भाच्यानं मग दुसरं अस्त्र काढलं. "मामा, संशोधन झालंय. ७५ हजार डॉलरपर्यंत पैशानं सुख वाढतं, पुढं नाही." हे वाक्य इतकं फिरलंय की त्याचं मूळ नीट सांगायला हवं. डॅनियल कानेमान आणि अँगस डीटन, दोघंही नोबेलविजेते, यांनी २०१० साली अमेरिकेतल्या साडेचार लाखांहून जास्त उत्तरांवरून ते मांडलं. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. एक, काल दिवस कसा गेला : हसलात का, काळजी होती का, ताण होता का. दुसरी, शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर आहे. वर्षाच्या ७५ हजार डॉलरनंतर सपाट होत होती ती पहिली रेघ. शिडीवरची पायरी पैशाबरोबर पुढंही चढत होती.

पुढं २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ या संशोधकानं ३३ हजारांवर नोकरदारांना मोबाईलवर दिवसात अधूनमधून विचारलं, आत्ता कसं वाटतंय? त्याला सपाट रेघ सापडलीच नाही. मग २०२३ मध्ये कानेमान, किलिंग्सवर्थ आणि बार्बरा मेलर्स एकत्र बसले. विरोधकानं विरोधकाबरोबर बसून निबंध लिहायचा, हे मला तर त्या निष्कर्षापेक्षाही आवडलं. निघालं असं की बहुतेकांचं सुख मिळकतीबरोबर वाढतच राहतं, पण मुळात सगळ्यात दुःखी असलेल्या पंधरा-वीस टक्क्यांचं लाखभर डॉलरनंतर थांबतं. त्यांच्या दुःखाचं कारण तोवर पैशाच्या आवाक्याबाहेर गेलेलं असतं. आणि वाढ मोजायची ती पटीत. २५ हजारांचे ५० झाले की जितका फरक पडतो, तितकाच पुन्हा पडायला ५० चे लाख व्हावे लागतात.

भाच्यानं ७५ हजार डॉलरला आजच्या दरानं गुणलं आणि साठ लाखांच्या पुढचा आकडा बघून कपाळाला हात लावला. तसं गुणायचं नसतं. तिथं एका डॉलरात जेवढं मिळतं तेवढं इथं साधारण वीस-बावीस रुपयांत मिळतं. त्या हिशोबानं वर्षाचे पंधरा-साडेसोळा लाख होतात. "म्हणजे पुण्याचीच ऑफर!" तो उडालाच. पण तो आकडा अख्ख्या कुटुंबाच्या मिळकतीचा, २०१० सालचा आणि अमेरिकेतला. त्यावरून खराडीची नोकरी ठरवायची म्हणजे शेजारच्याच्या चष्म्यानं पेपर वाचायचा.

२०१० च्या त्याच निबंधातली दुसरी एक गोष्ट मला जास्त कामाची वाटते, ती कुणी फॉरवर्ड करत नाही. आजारपण, घटस्फोट, एकटेपणा या गोष्टी कमी मिळकतीच्या माणसाला जास्त दुखवतात. हे मला संशोधनाआधी दाजींनी शिकवलं. मागच्या साली त्यांची अँजिओप्लास्टी झाली. मेडिक्लेमवाल्यांनी बिलातले ७० हजार कापले. आक्काच्या खात्यात तेवढे होते, म्हणून त्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर बसून आम्ही दाजींबद्दल बोलत होतो. नसते तर पैशाबद्दल बोलत बसलो असतो.

म्हणून मी पत्रिकेवर आणखी एक ओळ वाढवली : सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडायला किती दिवस लागतील? कोल्हापुरात सहा महिन्यांचे लागतात २ लाख ६१ हजार. महिन्याला ८,५०० टाकले तर अडीच वर्षांच्या थोडं पुढं. पुण्यात लागतात ५ लाख ८२ हजार, आणि ६,००० टाकले तर आठ वर्षं. पीएफ यात धरला नाही, तो रात्री दोन वाजता काउंटरवर चालत नाही. माझ्या मते दोन ऑफर शेजारी ठेवताना बघायचा आकडा हा. पगार वाढला की खर्च वाढतो हे सगळे जाणतात, पण त्याबरोबर निर्धास्त व्हायला लागणारी गंगाजळीही वाढते हे पत्रिकेवर लिहिल्याशिवाय दिसत नाही.

इथवर सगळं कोल्हापूरच्या बाजूनं झुकलेलं. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या सूनबाई म्हणाल्या, "मामा, यात माझा पगार कुठाय?"

खरंच नव्हता. दोन पुरुष तासभर घराचा हिशोब करत बसले होते आणि बी. कॉम., टॅली, जीएसटी येणारं माणूस स्वयंपाकघरात होतं. पोरगं झाल्यावर त्यांनी शाहूपुरीतली १४ हजारांची अकाउंट्सची नोकरी सोडली. इथं परत धरली तर १४ हजार सरळ शिलकीत, पोराला आक्का सांभाळतील. शिल्लक साडेबावीस. पुण्यात तसल्याच कामाला ३० हजारांची बोलणी चालू आहेत. त्यातून पाळणाघराचे दहा आणि जाण्या-येण्याचे दोन गेले तरी अठरा उरतात. शिल्लक चोवीस. पीएफ धरला तर कोल्हापूर साडेअठ्ठावीस, पुणं छत्तीस. आणि ती सहा महिन्यांची गंगाजळी? कोल्हापुरात साधारण वर्षभरात, पुण्यात महिन्याचा खर्च वाढूनही सवादोन वर्षांत. आठ वर्षांची सवादोन झाली ती एका बाईच्या पगारानं.

मग पुण्याचा फायदा महिन्याला साडेसात हजार. त्याची किंमत वेळेत मोजा. गोकुळ शिरगावला भाच्याला जाऊन-येऊन तास लागतो. पिंपळे सौदागर ते खराडी रहदारीत तीन तास. रोजचे दोन तास जादा, बावीस दिवसांचे ४४. म्हणजे तासाला १७० रुपये. कानेमान मंडळींनी २००४ साली टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांचा आदला दिवस प्रसंगाप्रसंगानं नोंदवला होता, त्यात सगळ्यात नकोसा वेळ निघाला तो कामाला जाण्या-येण्याचा. भाचा सध्या सहाला सुटतो आणि पोराला घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातो. म्हशीची धार समोर काढतात, फेसाळ पेला पोरगं दोन्ही हातांनी धरतं आणि मिशा पुसायला बापाचा शर्ट ओढतं. १७० रुपयांत ते विकायचं का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. माझं मत विचाराल तर मी विकणार नाही. पण मी ५८ वर्षांचा आहे, माझी पगारवाढ संपली आहे.

तिशीतल्या माणसाला पगारवाढीचा रकाना सोडता येत नाही. डिझाइनच्या कामात पुण्यात चार वर्षांत दोन कंपन्या बदलता येतात. कोल्हापुरात फाउंड्री आणि मशीनशॉपचं काम चोख आहे, पण त्याच्या नेमक्या कामाच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. स्वतःचं घर नसलेला, आई-बाप धडधाकट असलेला, दोघंही कमावणारे असा कुणी विचारायला आला तर मी त्याला पुण्याची गाडी दाखवतो, पाच वर्षांच्या बोलीवर. आई-बाप आजारी आणि घर स्वतःचं असेल तर इथंच बस म्हणतो. घरून कामाची सवलत लेखी मिळत असेल तर विचारायलाही येऊ नका, पुण्याचा पगार कोल्हापुरात खा. लेखी म्हणालो, तोंडी नव्हे.

आणि तुलना कुणाशी होणार तेही बघून ठेवा. शेजाऱ्याच्या मानानं आपण कुठं आहोत यावर माणसाचं समाधान ठरतं, असं अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिननं १९७४ सालीच लिहिलं होतं. मंगळवार पेठेत ५२ हजारवाला बरा दिसतो, जोवर चुलतभावानं फॉर्च्युनर घेतली नाही तोवर. खराडीच्या कॅन्टीनमध्ये १५ लाखवाला सगळ्यात खालच्या टेबलावर असू शकतो.

पत्रिका आता आक्काच्या फ्रिजवर चुंबकानं अडकवलेली आहे. सूनबाईंच्या पगाराचा पुण्याकडचा आकडा पेन्सिलीनं लिहिलाय. गुरुवारी वाकडला त्यांची मुलाखत आहे, आणि त्या दिवशी पोराला शाळेतून कोण आणणार यावर घरात वाद चालू आहे.