दिवाळी अंकाची मांडणी की अ‍ॅपचं डिझाइन?

मुखपृष्ठं, नाटकांची पोस्टरं, दिवाळी अंकांची मांडणी यात काही वर्षं काढलेले मित्र हल्ली एकच विचारतात: इंटरॅक्शन डिझाइनकडे, म्हणजे अ‍ॅप किंवा वेबसाइट वापरणाऱ्याशी कशी वागेल हे ठरवण्याच्या कामाकडे, वळू का? मी दोन्हीकडे काम केलंय.

पैशाचं सरळ आहे. अंकाचं मानधन दिवाळी उलटल्यावर, तेही मागून मागून मिळतं. तिकडे पगार महिन्याच्या महिन्याला होतो.

पण अंकाचं काम संपतं. शेवटचा फर्मा छापायला गेला की सुटलात. श्रेयनामावलीत नाव राहतं. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं लोक आजही जपून ठेवतात. अ‍ॅपमधला तुमचा स्क्रीन पुढच्या अपडेटमध्ये बदलतो आणि नाव कुठेच नसतं. हे ज्याला मनापासून लागतं, त्याने घाई करू नये.

हातातलं कौशल्य मात्र वाया जात नाही. माझ्या पहिल्याच कामात वीजबिलाचं अ‍ॅप मराठीत आणायचं होतं. ‘पूर्ण रक्कम भरा’ या बटणात ‘र्ण’चा रफार वरून कापला जात होता आणि ‘पू’चा ऊकार खालून, कारण बटणाची उंची रोमन अक्षरांवर बेतलेली. वर्षानुवर्षं प्रूफं पाहिलेल्या डोळ्यांना ते लगेच दिसलं. र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकाराने मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ फॉन्ट घडवला. अक्षर कळणाऱ्या माणसांची पडद्याला तेव्हाही गरज होती, आजही आहे.

मला दिसलं नाही ते वेगळंच. चाचणीला आलेल्या एका आजींनी ते बटण दाबलं, थांबल्या, पुन्हा दाबलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “गेले का रे पैसे?” पैसे पोहोचल्याची खूणच स्क्रीनवर नव्हती. कागदाला वाचकाने काही विचारलं तर कागद गप्प बसतो, म्हणून उत्तर कसं द्यायचं हे मी कधी शिकलोच नव्हतो. दोन्ही कामांतला खरा फरक मला तिथे कळला, आणि तो शिकायला सॉफ्टवेअर शिकण्याच्या कितीतरी पट जास्त वेळ लागला.

वयाची भीती वाटत असेल तर अमेरिकन डिझायनर म्युरिएल कूपर आठवा. १९६९ साली ‘बाउहाउस’ या जर्मन कलाशाळेवरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ सजवणारी ही बाई १९९४ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, पडद्यावरच्या मजकुरातून आरपार फिरता येतं हे दाखवत होती.

नव्याने पदवी घेतलेल्यांनी सीड (CEED) ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात दोन वर्षं जरूर शिकावं. अनुभव असेल तर माझ्या मते नोकरी सोडण्याआधी एवढं करा: जवळच्या वाचनालयाचा सभासद-अर्ज मोबाइलसाठी कागदावर स्क्रीन-स्क्रीन काढा, पाच जणांना भरायला द्या आणि ते अडले तरी मध्ये बोलू नका. कोण कुठे अडलं ते लिहून ठेवा. पोर्टफोलिओत दहा मुखपृष्ठांच्या आधी हीच पानं लावा.