संगीतात पीएच.डी.: इथे की ब्रिटनमध्ये?

एम.ए. झालं, गाणं चालू आहे, आता संशोधन करायचं तर महाराष्ट्रातल्या विद्यापीठात की ब्रिटनमध्ये प्रॅक्टिस-बेस्ड पीएच.डी., हा प्रश्न पडलेले बरेच जण भेटतात. मी दोन्हीकडची तयारी केली होती आणि शेवटी इथे नाव नोंदवलं. लिहितोय ते ख्याल गाणाऱ्याच्या नजरेतून. नाटकवाल्यांचा किंवा चित्रकारांचा अनुभव वेगळा असू शकेल.

ब्रिटनची जमेची बाजू फार मोठी आहे. तिथे तुमचं गाणं हाच प्रबंधाचा भाग असतो. मैफल किंवा ध्वनिमुद्रण आणि जोडीला साधारण ४०,००० शब्दांचं विवेचन, असा बऱ्याच ठिकाणचा आराखडा. आपल्याकडे तोललं जातं ते लिहिलेलं. ध्वनिमुद्रण परिशिष्टात जातं आणि परीक्षक ते ऐकतीलच याची खात्री नसते. हे मला अजूनही मनापासून खटकतं.

तरीही पारडं इकडे झुकलं, त्याला कारण एकच.

माझा विषय असा: विलंबित ख्यालाची लय गेल्या शतकात संथ होत गेली, तशी मुखड्याची (बंदिशीतल्या समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, नेणाऱ्या ओळीची) मांडणी कशी बदलली? एका टोकाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या, दुसऱ्या टोकाला अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा ताल. त्या लयीत झुमऱ्याचं १४ मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, इतकं लांबतं की मुखडा कुठून उचलायचा, कोणतं अक्षर किती ओढायचं, हा सगळा हिशेबच नव्याने मांडावा लागतो. यावरचं एक नमुना प्रकरण मी तिकडच्या संभाव्य मार्गदर्शकांना पाठवलं. माणूस अभ्यासू आणि अतिशय सज्जन. पण शेरे सगळे एकाच प्रकारचे: सम म्हणजे काय ते सांगा, मुखडा समजावून द्या, आवर्तनाची ओळख करून द्या. त्यांच्या जागी ते रास्तच होते, कारण परीक्षकांपैकी निदान एकाला तरी हे सगळं नवीन असणार. मी दुरुस्त्या करत गेलो, प्रकरण फुगत गेलं आणि माझा मुद्दा शेवटच्या दोन पानांत ढकलला गेला. ४०,००० शब्दांतला मोठा हिस्सा ओळखपरेडीत खर्च झाला, तर संशोधन कुठे करायचं?

तेच प्रकरण इथे ज्या बाईंकडे नेलं, त्यांनी वाचता वाचता विचारलं, “मुखडा बाराव्या मात्रेवरून उठतो असं लिहिलंयस. इथे तो आधीच उठत नाही का? पुन्हा ऐक बरं.” पुन्हा ऐकलं आणि सगळा युक्तिवादच पुढे सरकला. असं विचारणारं माणूस मिळणं मला पदवीच्या स्वरूपाहून महत्त्वाचं वाटलं. शिवाय माझ्या गाण्याची परीक्षा मैफलीत आणि गुरूंसमोर होतेच आहे. प्रबंधाने दुसरं काम करावं, मैफलीत बोलता येत नाही ते बोलावं.

इथली कटकटही सांगतो. पहिल्या दोन प्रकरणांत सामवेदापासून इतिहास यावा, ही अपेक्षा अनेक ठिकाणी अजून आहे. मार्गदर्शक खंबीर असेल तर ते टळतं.

पैशांचं थोडक्यात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) असेल तर महिना ३७,००० रुपयांत इथे निभावतं. ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधीत परदेशी विद्यार्थ्यांच्या जागांवर मर्यादा आहे, त्यामुळे शिष्यवृत्ती हातात आल्याशिवाय तिकडचा विचार मी तरी करणार नाही. फक्त शिकवण्याच्या नोकरीसाठी पीएच.डी. करत असाल, तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८चे नियम आधी वाचा. आकाशवाणीची ‘ए’ श्रेणी, नामवंत गुरूंकडची तालीम आणि विषय समजावून सांगण्याची हातोटी असलेल्या कलाकारांना सहायक प्राध्यापकपदासाठी त्यात वेगळी वाट दिली आहे.

तुमचं काम इलेक्ट्रॉनिक रचनेचं किंवा ध्वनी आणि दृश्य एकत्र बांधणारं असेल, तर मात्र ब्रिटनच बरं. इथल्या चौकटीत ते मावणार नाही.

ख्याल, ठुमरी किंवा नाट्यसंगीत असेल, तर ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जाऊन तुमच्या मनातल्या मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढा. पहिली प्रकरणं सोडून द्या, चौथं-पाचवं वाचा. त्यात एखाद्या ध्वनिमुद्रणाबद्दल तुम्हाला आधी न ऐकू आलेलं काही सापडलं, तर त्यांना भेटायला जा.