जुनी घ्यायची तर पोलो जीटी टीएसआय की अबार्थ पुंटो?

पोलो फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्यातली, अबार्थ फियाटच्या रांजणगावच्या. मधे फक्त शिक्रापूर. पण जुन्या बाजारात दोघींची दुखणी अगदी वेगळी. पोलो बिघडली की खिसा रिकामा करते, अबार्थ बिघडली की वाट बघायला लावते.

पोलो जीटी टीएसआय २०१३ ची. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिनाआधी हा गिअरबॉक्स तपासा. त्यात दोन क्लच असतात: एकाकडे १, ३, ५, ७, दुसऱ्याकडे २, ४, ६ आणि रिव्हर्स. दोन्ही कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. त्यामुळे हिंजवडीच्या संध्याकाळी इंच इंच सरकताना ते तापतात, झिजतात आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी थरथरते. त्याहून महागडं दुखणं मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू आणि हायड्रॉलिक पंप एकत्र असलेल्या युनिटचं. आतल्या अॅक्युम्युलेटरला, म्हणजे तेलाचं प्रेशर साठवणाऱ्या भागाला, तडा गेला की प्रेशर जातं, मीटरवर गिअरची अक्षरं लुकलुकतात, कधी फक्त विषमच गिअर पडतात. २०१३ मध्येच फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या बोलावून या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढलं आणि मिनरल भरलं. सिंथेटिक तेलामुळे इलेक्ट्रिकल बिघाड होत होता. मेकॅट्रॉनिक बदललं असेल तर बिल मागा. नसेल, तर लाखाच्या घरातला खर्च धरूनच भाव करा.

अबार्थ २०१५ ची. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन, १४५ बीएचपी ताकद, साधा पाच गिअरचा मॅन्युअल. बिघडायला मुळात कमी आहे. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या हालचालींचा ताळमेळ राखणारा रबरी पट्टा, कधी बदलला ते मात्र विचारा, आणि किलोमीटर नव्हे, तारीख विचारा. हौसेची गाडी घरीच जास्त उभी असते, पण रबर म्हातारं होतंच. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, तोही सोबत बदलून टाका. सस्पेन्शनमधल्या लोअर आर्मचे बुश वगैरे किरकोळ. अडतं ते फक्त अबार्थलाच लागणाऱ्या पार्ट्सवर. फियाटने इथला गाशा कधीच गुंडाळलाय.

वायरिंगच्या बाबतीत दोघींचा शत्रू एकच: उंदीर. बॉनेट उघडून कुरतडलेल्या वायरी आणि टेपचे जोड बघा. पोलोत ईपीसीचा, म्हणजे इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा, पिवळा दिवा ब्रेकच्या स्विचसारख्या किरकोळ कारणानेही लागतो. विकणारा म्हणेल, 'सेन्सर आहे, पाचशेचं काम.' मग करूनच द्या म्हणावं. गाडीचे एरर कोड वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा, ते थंड हवं. टर्बोचा धूर थंड गाडीत लवकर कळतो. मागे एका मित्रासाठी गेलो तर बॉनेट तव्यासारखं. मालक म्हणे, आत्ताच दूध आणायला गेलो होतो. हातात पिशवी नव्हती.

रोज ट्रॅफिकमधून ऑफिस असेल आणि ऑटोमॅटिकच हवी असेल, तर मी दोन्ही सोडून २०२० नंतरची पोलो १.० टीएसआय बघेन. तिचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (कोरड्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक) गर्दीला कुरकुरत नाही. रविवारी ताम्हिणीला जायचं असेल आणि घरात दुसरी गाडी असेल, तर अबार्थ.