सारखे अंक की शेजारी अंक? फॅक्टोरियल पायातल्या तीन क्रमिका

धरमपेठेत माझ्याकडे ट्यूशनला येणाऱ्या बी.एस्सी.च्या दोघी मुलींनी प्रोजेक्टचा विषय ठरवला आहे: फॅक्टोरियल पायात लिहिल्यावर ज्यांचे अंक पुन्हा येतात त्या संख्या. पण क्रमिका कोणती घ्यावी, यावर गाडी अडली आहे.

या पायात उजवीकडून स्थानांच्या किमती १, २, ६, २४, १२० अशा, म्हणजे १!, २!, ३!, ४!, ५! हे फॅक्टोरियल असतात (५! म्हणजे १×२×३×४×५). पहिल्या स्थानी ० किंवा १, दुसऱ्या स्थानी २ पर्यंत, तिसऱ्या स्थानी ३ पर्यंतचेच अंक चालतात. म्हणून २३ लिहायचे ३२१ (३×६ + २×२ + १×१).

सगळे अंक सारखे असणाऱ्या संख्यांचा मोह आधी होतो. आपले गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या डेम्लो संख्यांच्या (१२१, १२३२१ अशा) मुळाशीही ११, १११ च आहेत: त्यांचेच हे वर्ग. पण इथे शेवटचा अंक १ च्या पुढे जात नाही, त्यामुळे उरतात फक्त एकांच्या रांगा: १, ११, १११..., म्हणजे दशमानात १, ३, ९, ३३, १५३, ८७३. ५! पासून पुढचे सगळे फॅक्टोरियल शून्यावर संपतात, म्हणून ३३ पासून प्रत्येक पदाचा दशमान एकक ३. वर्ग कधीच ३ वर संपत नाही, म्हणून यांत पूर्ण वर्ग फक्त १ आणि ९. सिद्धता सुरेख आहे, पण एका पानात संपते.

लगतचे दोन अंक सारखे असलेल्या संख्या: ३, ६, ८, ९, १२, १५... कोडिंगची आवड असेल तरच घ्या.

मी तिसरी घेईन: कुठलाही अंक कुठेही पुन्हा आलेल्या संख्या. त्या मोजायच्या तर आधी सगळे अंक वेगळे असलेल्या मोजा. चौथ्या स्थानी ० ते ४ असे पाच अंक चालतात. उजवीकडच्या तीन स्थानांनी त्यातले तीन वापरलेले असतात, उरतात दोन. असे प्रत्येक स्थानी दोनच पर्याय! म्हणून n अंकी रचना २ चा n वा घात. त्यातली एकच शून्याने सुरू होते (०३२१ सारखी), ती वजा करायची. तीन अंकी ७, चार अंकी १५. ० ते ५०३९ मध्ये (या पायात सहा अंकांपर्यंत) सगळे अंक वेगळे असलेल्या संख्या ० धरून जेमतेम १२१, बाकी ४९१९ मध्ये अंक पुन्हा येतोच. फॅक्टोरियलच्या पोटातून दोनाचे घात निघतात, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

मेच्या दुपारी कूलरसमोर बसून आधी ० ते २३ हातानेच लिहा. पुनरावृत्तीवाल्या १२ निघायला हव्यात. १० च निघाल्या, तर ७ (१०१) आणि ११ (१२१) सुटले आहेत: तुम्ही फक्त लगतचे अंक पाहिलेत.