मोटुल आरबीएफ ६०० ब्रेक ऑइल: ट्रॅकवरच्या आठ महिन्यांनंतर

आधी निकाल सांगतो. ऑइल उत्तम आहे, पण एकदा भरून विसरून जाणाऱ्याने घेऊ नये. ३१२ अंश सेल्सिअस हा कंपनीने दिलेला उकळण्याचा आकडा नुकत्याच उघडलेल्या डब्यातल्या ऑइलचा. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तेच ऑइल २०५ च्या आसपास उकळतं. ग्लायकॉलवर आधारित कुठलंही ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतंच. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून, थोडाथोडा पण सतत. त्यामुळे ३१२ चा आनंद पहिल्या काही आठवड्यांचा.

तरीही साध्या डॉट ४ शी (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची दर्जाश्रेणी) तुलनाच नाही. डॉट ४ ला किमान कोरडा (ताज्या ऑइलचा) आकडा २३० आणि ओला (पाणी मुरल्यावरचा) १५५ असला तरी चालतो, डॉट ५.१ ला २६० आणि १८०. हे ऑइल ओलं होऊनही ५.१ च्या ओल्या किमान आकड्याच्या वर राहतं. कॅस्ट्रॉल एसआरएफचा ओला आकडा २७०. वारंवार ब्लीड करायचा, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा काढून टाकायचा कंटाळा असेल तर महाग पडलं तरी तेच घ्यावं. थंड हवेत एबीएसला पातळ ऑइल लागतं, तिथे ५.१ बरं. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र यात मिसळायचंच नाही. नावात ५ आहे म्हणून ५.१ चा भाऊ समजून भरणारे भेटतात.

ऑइलला दोष देण्याआधी पेडल काय सांगतंय ते ऐका. पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबत नाही, तर पॅड तापून फेड झालेत, म्हणजे त्यांची पकड गेलीय. ऑइल बदलून उपयोग नाही. पेडल स्पंजसारखं खाली बसतंय आणि दोनतीनदा पंप केल्यावर वर येतंय, तर ऑइल उकळलंय. सरळ रस्त्यावर पहिला दाब लांब, दुसरा बरोबर, असं वळणानंतर होत असेल तर व्हील बेअरिंगमधली ढिलाई पॅड मागे ढकलतेय. पॅड झिजून पातळ झाले की त्यांना ढकलणाऱ्या पिस्टनपर्यंत उष्णता जास्त पोचते. ऑइल वरचेवर उकळू लागलं तर आधी पॅडची जाडी मोजा. सेशन संपल्यावर एक फेरी ब्रेक न दाबता, हवा खेळवत काढायची. तापलेली गाडी तशीच पिटमध्ये उभी केली तर सगळी उष्णता कॅलिपरमध्ये (पॅड धरून दाबणाऱ्या भागात) जाते आणि ऑइल तिथेच उकळतं.

पूर्ण बदलीला अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या लागतात. आधी टाकीतलं जुनं काळपट ऑइल मोठ्या सिरिंजने ओढून घ्या, नवं भरा, मगच चाकांकडे वळा. नाहीतर जुनं ऑइल सगळ्या पाइपांतून फिरवत बसाल. सर्वसाधारण क्रम टाकीपासून लांबच्या चाकाकडून जवळच्याकडे. काही गाड्यांत वेगळा असतो, मॅन्युअल बघा. चार पिस्टनच्या कॅलिपरला अनेकदा दोन निप्पल (ऑइल बाहेर सोडायचे स्क्रू) असतात, दोन्ही उघडावे लागतात.

निप्पलवर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. आतला माणूस पेडल हळू दाबून धरतो, बाहेरचा पाव फेरा सोडतो, बंद करतो, मगच पेडल वर. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या दाबाने ऑइल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) ज्या तळाशी सील रोज पोचत नाही तिथे गंज असतो. पूर्ण दाबलं की सील त्यावर घासून फाटतं आणि नव्या ऑइलनंतर पेडल हळूहळू खचायला लागतं. मग खापर ऑइलवर फुटतं. व्हॅक्यूम पंप लावला तर आट्यांतूनही हवा येते, नळीत बुडबुडे संपतच नाहीत. त्याला घाबरू नका, पण खात्रीसाठी शेवटचे चार दाब पेडलनेच द्या. टाकी मात्र एकदाही रिकामी होता कामा नये. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनर जोडून पंप चालवल्याशिवाय निघत नाही.

निप्पल पोकळ असतो, हाताच्या जोराने आवळला की तुटतो. बहुतेक ठिकाणी १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये.

एवढं केल्यावर रोजच्या रस्त्यावर पेडलमध्ये फारसा फरक जाणवणार नाही. प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी मात्र प्रत्येक कॅलिपरमधून ३०-४० मिली काढून टाका, कारण उकळलेलं ऑइल तिथेच असतं. उकळल्यानंतर गार झालं की पेडल बरंचसं परत येतं, पण पूर्वीसारखं होत नाही. ब्लीड केल्यावरच होतं. वर्षातून एकदा पूर्ण बदली हवीच. गाडी उभी असली तरी, कारण ओलावा किलोमीटर मोजत नाही. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या महिन्यासाठी जपू नका, ट्रॅकच्या गाडीत तर नाहीच.

शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबा आणि तीस आकडे मोजा. खचलं तर कुठेतरी गळती आहे किंवा सील गेलंय. निप्पलचे रबरी टोपण परत बसवा, आणि कॅलिपरवर वा रंगावर ऑइल सांडलं असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. नुसतं फडक्याने पुसलं तरी रंग फुगतो.